जुनी एक्सपल्स 200: नऊ महिने आणि सहा पंचर

परवा संध्याकाळी हरभऱ्याच्या वावरातून येताना पुढचं चाक पुन्हा बसलं. नऊ महिन्यांतलं सहावं पंचर, आणि सहाही वेळा पुढचंच चाक. अंधारात अडीच किलोमीटर गाडी ढकलत डांबरी रस्त्याला लागलो. त्याच रात्री हे लिहायला घेतलं, ते एवढंच सांगायला की पांदणीतून रोज जाणाऱ्यानं आऱ्यांच्या चाकाची, ट्यूबवाली गाडी घेऊ नये. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तरी घरापर्यंत येता येतं. ट्यूबची हवा एका मिनिटात जाते आणि आपण बाभळीखाली उभे राहतो.

गाडी हीरोची एक्सपल्स 200, कच्च्या रस्त्यावरही चालणारी, 2019 ची, बीएस-4 (धुराच्या जुन्या नियमातली), फ्युएल इंजेक्शनवाली. अमरावतीहून घेतली, 68 हजारांत. खरं म्हणजे ती माझ्या दोन दोस्तांनी घेतली, मी फक्त पैसे दिले. एकाचं दारव्ह्यात गॅरेज आहे, दुसरा आरटीओच्या कागदपत्रांची कामं करतो. दोन गाड्या बघायच्या होत्या. मिस्त्री दोस्तानं आदल्या रात्रीच दोन्ही मालकांना फोन करायला लावला, "आमी येईपर्यंत गाडी सुरू नोका करू." पहिल्या ठिकाणी लाल गाडी इतकी चकचकीत होती की मी मनातल्या मनात घेऊनही टाकली होती. त्यानं इंजिनला हात लावला, ते गरम होतं. तो काही न बोलता वळला. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असलं की विकणारा आधीच तापवून ठेवतो, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

दुसरी गाडी थंड होती आणि सेल्फला लगेच उठली. दोघांनी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं. मधोमध कुठं अडकलं नाही, म्हणजे कोनसेट (हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग) बरा. शॉकॲपच्या नळ्यांवर कोरडं फडकं फिरवलं, तेल लागलं नाही. मग पान्यानं एकेक आरा वाजवला. पुढच्या चाकाचे दोन बद्द वाजले, ते मिस्त्री दोस्तानं तिथंच कसले. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात झिजून वाकले होते, त्याचे तीन हजार कमी झाले. कागदवाल्या दोस्तानं विम्याचा कागद दाखवायला लावला. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, म्हणजे या गाडीचा नुकताच संपलेला. आणखी दोन हजार कमी. आरसीवर कर्जाचा बोजा होता. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत त्यानं मला अर्ध्याच्या वर एक रुपया देऊ दिला नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मात्र त्याच दिवशी घेतल्या.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही. जुलैत आमच्या काळ्या मातीत बाकीच्या गाड्या डांबरीवर लावून लोक पायी वावरात जातात. मी मागच्या प्लेटवर फवारणीचा पंप बांधून धुऱ्यापर्यंत गेलो. पुढचं 21 इंची चाक खड्ड्यात पडत नाही, त्यावरून जातं, आणि खाली 220 मिलिमीटर मोकळं असल्यानं चाकोरीतली मधली उंच माती इंजिनला घासत नाही. माझ्या हातून 38-40 चा ॲव्हरेज पडतो. सीट 823 मिलिमीटर उंच, बाबांना बसायला दगडाजवळ गाडी न्यावी लागते. तेवढं चालतं.

इथपर्यंत परवा लिहिलं होतं. काल गाडी मिस्त्री दोस्ताकडं नेली आणि सुरुवातीला जे लिहिलं ते मला मागं घ्यावं लागतंय.

दर वेळी रस्त्यावरचा पंचरवाला टायरमध्ये काटा शोधायचा. आमच्याकडं एखादं टोक सापडतंच, मग चकती लावून मोकळा. दोस्तानं ट्यूब बाहेर काढली, हवा भरली आणि व्हॉल्व जुळवून रिमवर धरली. सहाही चकत्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला. काटा तिकडून कसा येईल? सहा चकत्या दोनच जागी, तीन-तीन करून, आणि दोन्ही जागा बरोबर दोन आऱ्यांवर. त्यानं रिमच्या आत बोट फिरवलं. आऱ्याचं टोक निपलच्या (आरा रिमला कसायच्या नटाच्या) वर तांदळाच्या दाण्याएवढं आलेलं. रिमवर रबरी पट्टी असते ती नव्हतीच, आधी कुणीतरी पंचर काढताना काढून फेकली असणार.

तो बराच वेळ चाकाकडं पाहत होता. मग म्हणाला, "हे आरे मीच कसले होते बे अमरावतीले. तवाच टायर खोलून पाहाले पायजे होतं." त्याच्या चेहऱ्याकडं पाहून मला ढकललेले सगळे किलोमीटर विसरायला झालं. ज्यानं मला लाल गाडीपासून वाचवलं, त्याला मी काय बोलणार?

कानशीनं दोन्ही टोकं घासली, नवी पट्टी बसवली. 21 ची ट्यूब दारव्ह्यात मिळाली नाही, यवतमाळहून दोन मागवल्या. एक चाकात, एक सीटखालच्या पिशवीत, टायर लिव्हर आणि हातपंपासोबत. अडीअडचणीला तीच ट्यूब मागच्या 18 च्या चाकातही घडी घालून घरापर्यंत चालते, हेही त्यानंच सांगितलं. पैसे घेतले ते फक्त ट्यूब आणि पट्टीचे.

आज सकाळी त्याच पांदणीतून गेलो. परत आल्यावर पुढच्या टायरमध्ये बाभळीचा एक काटा अडकलेला दिसला. ओढून काढला. रबरातच होता, हवा आहे तशीच आहे.