नळीवर तीन मिनिटं चाललेलं मशीन

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेच्या आत मशीन तयार हवं असतं, आणि नेमक्या याच दिवसांत ‘फुल रिस्टोअर केलेली’ जुनी आउटबोर्डं, म्हणजे होडीच्या मागे लावायची इंजिनं, विकायला निघतात. असंच एक २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक जॉन्सन रत्नागिरीकडे ७८ हजारांना घेतलं गेलं. नवा रंग, नवे स्टिकर, दुसऱ्या दोरीला चालू. समुद्रात तिसऱ्याच फेरीला वरच्या सिलिंडरचा पिस्टन धरला, म्हणजे जागीच जाम झाला. यातली प्रत्येक लबाडी पूर्ण पैसे देण्याआधी अर्ध्या दिवसात पकडता आली असती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

सगळ्यात मोठी फसगत पाण्याच्या धारेची. मशीन स्टँडवर होतं, गेअरकेसच्या, म्हणजे पंखा असलेल्या खालच्या भागाच्या, पाणी ओढायच्या जाळीवर दोन रबरी कप लावून नळाची नळी जोडलेली. मागून झकास धार पडत होती. ती धार पंपाची नव्हती, नळाच्या दाबाची होती. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाकळ्यांचं रबरी चाक, मेलेला असला तरी नळीच्या दाबाने पाणी वर चढतं आणि धार दिसते. शिवाय चालवलं तीनच मिनिटं. एवढ्यात मशीन धड तापतही नाही, मग जास्त तापतंय की नाही हे कळणार कुठून?

मशीन पिंपातच चालवायला लावा. २०० लिटरचं पिंप, गोडं पाणी, पाण्याची पातळी पंपाच्या वर. किमान २० मिनिटं. पंख्याने पाणी उसळून कमी होत राहतं, ते भरत राहा. धार पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला सारखीच हवी आणि पाणी कोमट असावं. वाफ येत असेल किंवा धार मधेच तुटत असेल तर तिथेच थांबा.

या मशीनचा गेअरकेस उतरवला तेव्हा इम्पेलरच्या तीन पाकळ्या गायब होत्या आणि उरलेल्या एका बाजूला वाकून कडक झालेल्या. बिलात मात्र ‘वॉटर पंप किट’ लावलेलं. तुटलेल्या पाकळ्या कुठे गेल्या हे शोधल्याशिवाय नवा इम्पेलर बसवू नका. ते तुकडे वरच्या पाण्याच्या पाइपात किंवा थर्मोस्टॅटपाशी (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप) अडकतात आणि नवा पंप असूनही मशीन तापतं. इथे दोन पाइपात सापडले, तिसरा थर्मोस्टॅटच्या घरात, आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला. नवा इम्पेलर बसवताना त्याला शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी ग्रीसने चिकटवायची, पाकळ्यांना साबणाचं पाणी लावायचं आणि शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवत हाउसिंग खाली दाबायचं, म्हणजे पाकळ्या बरोबर दिशेला वाकतात.

दुसरी लबाडी कॉम्प्रेशनची. सौद्याच्या वेळी गेज लावून दाखवला: वरचा सिलिंडर १०५, खालचा ११० पीएसआय. उघडण्याआधी आम्ही पुन्हा मोजलं तर वर ६२, खाली ९८. दाखवण्याआधी प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलेलं असणार. ऑइलने रिंगांच्या फटी भरतात आणि आकडा थोडा वेळ चढतो. म्हणून पिंपात २० मिनिटं चालवल्यावर, गरम मशीनवरच मोजा. तोवर ते ऑइल जळून जातं. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, पाच-सहा वेळा दोरी ओढा. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ते मशीन ‘रिस्टोअर’ झालेलं नाही. गेज आपला न्या.

हेड काढताना दोन बोल्ट तुटले. अ‍ॅल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट आणि त्यात खारं पाणी, मग आत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जागीच वितळल्यासारखा बसतो. असा बोल्ट जोराने सोडवायचा नसतो. भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तापवायचं, पेनिट्रेटिंग ऑइल मुरू द्यायचं, आधी किंचित आवळायचं आणि मग सोडवायचं. पण खरा मुद्दा वेगळा आहे: ज्याचं हेड ‘नुकतंच उघडून रिंगा बदलल्या’, त्याचे बोल्ट असे जाम असतीलच कसे? आत पाण्याच्या वाटा मीठ आणि रेतीने घट्ट भरलेल्या होत्या, चिकणमाती वाळून विटेसारखी होते तशा. पाणी कमी पडलं की वरचा सिलिंडर आधी तापतो. त्याच्या भिंतीवर एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, नख अडकेल इतके.

हे न उघडता कळण्याची एक खूण आहे. बोल्टचं डोकं आणि कव्हर यांच्या मधली रेघ बॅटरी लावून पाहा. रंगाचा थर त्या रेघेवरून सलग गेला असेल, गॅस्केटच्या कडेवरही रंग चढला असेल, तर न उघडता वरून फवारा मारला आहे. या मशीनवर तर गेअरकेसजवळचा, स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा झिंकचा अ‍ॅनोडसुद्धा रंगवला होता. रंगवलेला अ‍ॅनोड निकामी असतो, खारं पाणी मग थेट गेअरकेस खातं. ज्याला आउटबोर्डचं काम येतं तो अ‍ॅनोड कधीच रंगवत नाही. याच रंगाखाली गेअरकेसची चीर एम-सीलने बुजवली होती. नाण्याने हलकेच ठोकत गेलात तर भरलेल्या जागी आवाज बद्द येतो.

गेअर ऑइल त्या दिवशी स्वच्छ सोनेरी दिसलं, कारण ते सकाळीच भरलेलं होतं. मशीन चालवून तासभर उभं ठेवा आणि मग खालचा स्क्रू जरासा सैल करा. पाणी तळाशी बसतं, ते आधी येतं. ऑइल दुधासारखं झालं असेल तर सील गेलेत. गेअर उसळतो, म्हणजे आपोआप निसटतो का, हे मात्र पिंपात कळत नाही, लोड नसतो. त्यासाठी होडीला लावून खाडीत अर्ध्याहून जास्त थ्रॉटलवर चालवावंच लागतं.

मशीन १९९४ चं म्हणून विकलं होतं. १९८० नंतरच्या जॉन्सन आणि तिच्याच कंपनीच्या इव्हिनरुडवर साल अक्षरांत लिहिलेलं असतं: आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. मॉडेल नंबरातल्या शेवटच्या अक्षराआधीची दोन अक्षरं पाहायची. इथे होती सी आणि ओ, म्हणजे १९८५. ब्रॅकेटवरची पट्टी बदलता येते, म्हणून ब्लॉकवरच्या छोट्या गोल चकतीवरचा नंबर तिच्याशी ताडून पाहा. सालाचा फरक क्षुल्लक नाही. इव्हिनरुडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, जॉन्सनचं त्याच्याही आधी, त्यामुळे नेमकं मॉडेल माहीत नसेल तर पार्टसाठी वणवण होते. शिवाय एवढ्या जुन्या मशीनच्या पेट्रोलच्या नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत. ते बदललेच असं धरून चालू नका, काढून दाखवायला सांगा.

कोणी ‘रिस्टोअर केलं’ म्हणाला तर काढलेले जुने पार्ट मागा: जुना इम्पेलर, जुन्या रिंगा, जुनी सील. खरं काम करणाऱ्या फिटरकडे ते तेलकट पिशवीत पडलेले असतातच. पैसे तीन टप्प्यांत द्या: इसार, पिंपातल्या चाचणीनंतर निम्मे, आणि उरलेले खाडीत लोडवर चालवल्यावर. काय काय बदललं ते कागदावर, मॉडेल नंबरासह, सहीनिशी घ्या.

फसलात तर मशीन लगेच दुरुस्तीला टाकू नका. आधी फोटो काढा, तुटलेले पार्ट तारीख लिहून जपा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ‘धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि होडीच्या नोंदणीची प्रत सोबत जोडा.