सही तुझीच आहे, जा पोलिसात

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. इंजिनिअरिंग होऊन वर्ष झालं, हातात 28 हजार पडतात. विश्रामबागेच्या पुढं एका नव्या स्कीममध्ये वन बीएचके बघितला, 26 लाखांचा. वडिलांची तासगावकडं द्राक्षबाग आहे, सुरुवातीचे पैसे ते देणार होते. बाकी कर्ज.

आधी बँकेतच गेलो होतो. तिथल्या मॅडमनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. हप्ता पगाराच्या निम्म्यापर्यंत धरायचा, म्हणजे 14 हजार. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांना लाखामागं साधारण 868 रुपये हप्ता पडतो, म्हणजे कर्ज 16 लाखांच्या आसपास. शिवाय माझं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा स्कोअर, उणे एक. ते वाईट नसतं; आजवर ना कर्ज ना क्रेडिट कार्ड, तर स्कोअर येणार कुठून? वडिलांना सहअर्जदार करा म्हणाल्या. पण शेतीवाल्या माणसानं इन्कम टॅक्सचं रिटर्न कधी भरलेलं असतंय होय?

आम्ही तिथंच थांबणार होतो. पण स्कीमच्या साइट ऑफिसात कर्ज करून देणारा एजंट म्हणून एक जण टेबल टाकून बसलेला असायचा. बिल्डरचा माणूस चहा आणून द्यायचा तो त्याला पण. "भावा, बँकेत असं थेट जायचं नसतंय. फाईल माझ्याकडं सोड, 23 लाख करून देतो. वर पंतप्रधान आवासची 2 लाख 67 हजार सबसिडी." लॉगिन फी म्हणून 5 हजार रोख घेतले. मग सर्च रिपोर्टचे, म्हणजे जागेची कागदपत्रं तपासायचे, साडेसात हजार, मग सबसिडीच्या फाईलचे 12 हजार, हे दोन्ही यूपीआयनं, एका बाईच्या नावावर. पावती मागितली तेव्हा म्हणाला, "साहेब सही करतील मग". फॉर्मवर पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, तिथं तिथं सह्या घेतल्या. रकाने कोरेच होते.

ती 2.67 लाखांची योजना 31 मार्च 2022 लाच बंद झालेली आहे. 2024 ला आलेल्या नव्या योजनेत जास्तीत जास्त 1.80 लाख मिळतात, तेही पाच हप्त्यांत, आणि अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतःला भरता येतो. हे मला नंतर कळलं.

पुढं कंपनीच्या एचआरनं केबिनमध्ये बोलावून घेतलं. एका खाजगी बँकेतून पडताळणीचा फोन आला होता. टेबलावर माझं पगारपत्रक: दरमहा 46,500, हुद्दा सीनियर इंजिनिअर, नोकरी चार वर्षांची. कंपनीचा लोगो वेबसाइटवरून उचललेला, कडा फुटलेल्या. पीएफच्या कपातीपुढं जो यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, होता तो माझा नव्हताच. फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला, पण होता. बँका हा 26एएसशी, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडच्या नोंदीशी, ताडून बघतात, त्यामुळं हा कागद एक दिवस टिकला नसता. त्याला ते ठाऊक असणारच. कर्ज होवो न होवो, त्याचे पैसे आधीच सुटले होते.

फोन लावला तर गडी जराही घाबरला नाही. "स्लिपा तू दिल्यास, मी पुढं पाठवल्या. सही तुझीच आहे, जा पोलिसात."

त्याचा खरा धंदा हा आहे. खोटे कागद बँकेला फसवायला जेवढे लागतात, त्याहून जास्त आपल्याला गप्प बसवायला लागतात. नोकरीला नवीन लागलेलं पोरगं, कंपनीत नाव खराब होईल या भीतीनं 24-25 हजार सोडून देतं. बिल्डरच्या ऑफिसातून तर उत्तर आलं, "तो आमचा नाही." टेबल, चहा सगळं त्यांचंच की!

मी एचआरला मोबाईलमधले सगळे मेसेज दाखवले. खऱ्या स्लिपा जोडून त्या बँकेला लेखी दिलं की ही पगारपत्रकं माझी नाहीत, आणि त्या पत्राच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. मॅनेजरनं यादी बघून सांगितलं, हा माणूस आमचा अधिकृत एजंटच नाही. अधिकृत एजंटाला कमिशन बँक देते. प्रोसेसिंग फी बँकेच्या खात्यात जाते, बाईच्या यूपीआयवर नाही. यूपीआयच्या रकमेची तक्रार 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेची कलमं 318 आणि 336, म्हणजे फसवणूक आणि बनावट दस्तऐवज. चौकशी चालू आहे.

क्रेडिट रिपोर्ट काढला (सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो), तर माझ्या नावावर आणखी बँकांच्या चौकश्या निघाल्या. फाईल त्यानं पत्रिकेसारखी गावभर वाटली होती. त्या प्रत्येक ठिकाणी आता तेच पत्र देतोय. कंपनीतली नोकरी शाबूत आहे. घराचं तूर्त राहू दे म्हणाले वडील. बुकिंगचे पैसे बिल्डरकडून निघायचेत.

तो माणूस सध्या मिरज रोडवरच्या दुसऱ्या एका साइट ऑफिसात बसतो, असं कामावरच्या एकानं सांगितलं. कुणी त्याच्याकडं किंवा अशा कुणाकडं कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या असतील, तर त्याला फोन करत बसू नका. बँकेत जाऊन आपल्या नावाची फाईल बघायला मागा, आणि पगारपत्रकाचं पान आधी उघडा.