गुलमर्ग म्हणून पैसे घेतले आणि तंगमर्गला नेऊन टाकलं, बुकिंग करायच्या आधी वाचा

गोव्यातून जानेवारी-फेब्रुवारीत बर्फासाठी काश्मीरला जाणारे खूप झालेत आता, मोपावरून नाहीतर दाबोळीवरून दिल्ली गाठायची आणि तिथून श्रीनगर. त्यात पोरांना स्कीइंग शिकवायचं म्हणून गुलमर्गला राहायचं ठरवणारे पण वाढलेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमचे पैसे गेले ते नेमके या राहण्याच्या जागेपायीच.

डिचोलीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पॅकेज आलं होतं. माणूस पणजीत ऑफिस आहे म्हणायचा, बोलायला एकदम गोड, मराठी बोलणारा, मला "भाऊ" आणि आईला "काकी", आईच्या गुडघ्यांची चौकशी सुद्धा केली त्याने फोनवर. हॉटेल गुलमर्गमध्येच, गोंडोलापासून (म्हणजे तिथली केबल कार) चालत पाच मिनिटं, रूममध्ये हीटिंग, गोंडोलाची तिकिटं पॅकेजमध्ये धरलेली. फोटो मस्त, लाकडी बाल्कनी, समोर बर्फाचा उतार. भावजींनी हॉटेलचं नाव विचारलं तेव्हा नाव पण दिलं, आणि त्या नावाचं हॉटेल खरंच गुलमर्गमध्ये आहे. सव्वा लाख ठरले, त्यातले ऐंशी हजार आधी यूपीआयने मागितले, तेही कंपनीच्या नाही, कुठल्यातरी बाईच्या नावाच्या खात्यावर. विचारलं तर म्हणे मिसेसचं खातं आहे, जीएसटीचा त्रास वाचतो. व्हाउचर आलं रंगीत पीडीएफ, पण त्यावर हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर नाही, नुसता त्याचा स्वतःचा बुकिंग नंबर.

२६ जानेवारीच्या सुट्टीला धरून गेलो. गुलमर्गला निघायच्या आदल्या रात्री श्रीनगरला मेसेज आला की वर खूप बर्फ पडलाय, रस्ता बंद आहे, तुम्हाला आमच्या "सिस्टर प्रॉपर्टी"त शिफ्ट केलंय, तेवढीच चांगली आहे, काळजी नको. सिस्टर प्रॉपर्टी कुठे? तर तंगमर्गला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रीनगरपासून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर, आणि तंगमर्ग हे त्याच रस्त्यावर खाली, गुलमर्गच्या १३ किलोमीटर आधी. गुलमर्ग २६५० मीटरवर, तंगमर्ग बरंच खाली. नकाशावर १३ किलोमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, आपण डिचोलीहून म्हापशाला यापेक्षा जास्त जातो. पण बर्फ पडला की श्रीनगरची साधी गाडी तंगमर्गलाच थांबवतात, पुढे फक्त फोर बाय फोर नाहीतर टायरला साखळ्या लावलेली गाडी. म्हणजे तंगमर्गला राहिलात की रोज सकाळी वर जायला वेगळी गाडी, संध्याकाळी खाली यायला परत तीच, आणि भाव त्या दिवशीच्या बर्फावर. आपल्याकडे साळगावातली खोली "कळंगुट बीचजवळ" म्हणून विकतात ना, तोच प्रकार, फक्त साळगावातून स्कूटर काढून बीचवर जाता येतं.

आणि रस्ता बंद वगैरे काही नव्हता. तंगमर्गच्या नाक्यावर आमच्या डोळ्यांसमोर साखळ्या लावून एकामागून एक गाड्या वर जात होत्या. आमचा ड्रायव्हर खाली वाकून टायर बघत होता, तो हसून म्हणाला, "साब, रास्ता बंद होता तो ये सब कहाँ जा रहे हैं?"

त्या हॉटेलात गेलो तर बाथरूमचा पाइप गोठलेला, पाणी बादलीने आणून देणार. हीटिंग म्हणजे कॉरिडॉरमध्ये एक बुखारी, लाकडं जाळायची शेगडी, आणि बेडवर इलेक्ट्रिक ब्लँकेट, ते लाइट असेपर्यंत. रूममध्ये बुखारी हवी असेल तर लाकडाचे पैसे वेगळे. चिल्लई कलान म्हणतात तिकडे, २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, सगळ्यात कडाक्याची थंडी, आणि आम्ही गोव्याची माणसं, वीस डिग्री झाली की कपाटातून स्वेटर काढून घालणारी. आई रात्रभर पायमोजे घालून बसूनच होती. हॉटेलवाल्या माणसाचा मात्र दोष नाही असं माझं मत, त्याने आपली वही उघडून दाखवली, त्यात आमच्या रूमसाठी त्याला मिळालेला आकडा लिहिलेला होता आणि तो आम्ही भरलेल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा पण नव्हता.

मग त्या एजंटला फोन. इथे अजून एक गोष्ट, जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, फक्त पोस्टपेड. आमच्यात एकट्या भावजींचं पोस्टपेड, त्यांचा नंबर त्याने दोन फोननंतर ब्लॉक केला. बाकी सगळे हॉटेलच्या वायफायवर, आणि वायफाय कसलं, असून नसल्यासारखं. या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं बरं, की वर पोचलेला माणूस भांडू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी वर गेलो तेव्हा ज्या हॉटेलचं नाव दिलं होतं तिथे जाऊन विचारलं. रिसेप्शनवरच्या पोराने कॉम्प्युटरवर शोधलं, आमच्यापैकी कोणाच्याच नावाने कधी बुकिंग झालेलंच नव्हतं. म्हणजे बर्फ पडो न पडो, आम्हाला तंगमर्गलाच टाकायचं हे त्याने पैसे घेतानाच ठरवलेलं. गोंडोलाची तिकिटं तशीच, ती ऑनलाइन, प्रवाशाच्या नावाने निघतात आणि सीझनला भराभर संपतात, त्याने काढलीच नव्हती. गोंडोलाच्या पहिल्या, कोंगडूरीपर्यंतच्या टप्प्याचं पण मिळालं नाही, त्यावरच्या अफरवटच्या टप्प्याचं तर सोडाच. पोरगा गोंडोलाच्या खालच्या नवशिक्यांच्या उतारावर थोडं शिकला, तिथे तिकीट लागत नाही, स्की भाड्याने मिळतात, त्याचं समाधान झालं तेवढंच.

तेव्हा बुकिंग करताना एजंट काय पाठवतो ते राहू दे, हॉटेलच्या रिसेप्शनला स्वतः फोन लावा, नंबर स्वतः शोधून, त्याने दिलेला नको, आणि तुमच्या नावाने बुकिंग आहे का विचारा. हॉटेलच्या नावात गुलमर्ग असलं तरी पत्ता वाचा, तंगमर्ग लिहिलंय का बघा. गुलमर्गमध्ये नवीन बांधकामावर बंधनं आहेत, खोल्या मोजक्याच, त्यामुळे सीझनला तिथली खोली कोणी एकदम स्वस्तात देत असेल तर ती तिथली नाहीच. रूममध्ये कसलं हीटिंग, त्याचे वेगळे पैसे का, हे लेखी घ्या. खरं गुलमर्ग असलं तरी गोंडोलापासून किती चालायचं ते विचारा, ते एका मोठ्या वाडग्यासारखं मैदान आहे, पलीकडच्या कडेला हॉटेल असलं तर बर्फातून म्हाताऱ्या माणसाला घेऊन चालणं सोपं नाही. आणि गोंडोलाचं तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवरून स्वतः काढा.

पैशांचं म्हणाल तर उरलेले पंचेचाळीस हजार आम्ही दिले नाहीत, त्यावरून तो नवीन नंबरवरून धमक्या देत होता, "केस टाकीन" वगैरे, टाकली नाही. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, खातं तोवर रिकामं. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर परत यायची वाट न बघता तिथूनच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर तेवढी रक्कम गोठवायचा चान्स जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंद केलीय, त्यासाठी स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि त्या गुलमर्गच्या हॉटेलकडून "असं बुकिंग नाही" म्हणून मेलवर घेतलेलं उत्तर, हे तिन्ही लावलंय. ते मेल भावजींनी तिथेच काउंटरवर उभं राहून मागून घेतलं, नाहीतर बुकिंग झालंच नव्हतं याचा आमच्याकडे काहीच पुरावा नव्हता.

त्याच लाकडी बाल्कनीचा फोटो गेल्या आठवड्यात साखळीच्या एका ग्रुपवर परत आलाय, नाव वेगळं, नंबर वेगळा, यावेळी "औली स्की पॅकेज" म्हणून.