घरच्या साबणासाठी साचा कोणता घ्यावा : कोल्हापुरात वापरून पाहिलेले पाच साचे

तेल न शिजवता, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ते घोटून साबण करण्याच्या पद्धतीला ‘कोल्ड प्रोसेस’ म्हणतात. ही पद्धत शिकू पाहणारा माणूस महिनाभर तेलांचा अभ्यास करतो, घाण्यावरून खोबरेल आणतो, वजनकाटा घेतो, आणि साच्याचा विचार मात्र पातेल्यातले मिश्रण हातात घट्ट होऊ लागल्यावर करतो. मीही तेच केले. पहिल्या घाण्याच्या वेळी फडताळातून केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा काढला, त्यात मिश्रण ओतले, आणि काही मिनिटांत कडेने बारीक बुडबुडे वर येऊ लागले. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, हे शाळेत शिकलेले होते. पण शाळेतले रसायनशास्त्र स्वयंपाकघरात आठवतेच असे नाही. डबा तसाच उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी साबण करडा पडला होता आणि डब्याच्या तळाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. डबा सासूबाईंचा होता, हेही नोंदवले पाहिजे.

त्यानंतरच्या सव्वा वर्षात मी पाच प्रकारचे साचे वापरले. साचा चांगला की वाईट हे साबण ओतताना कळत नाही; तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साबण बाहेर काढताना कळतो. त्यामुळे पुढचे सगळे मत त्या काढण्याच्या क्षणावर आधारलेले आहे.

सर्वांत स्वस्त साचा म्हणजे अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा. असे पुष्कळ डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. डबा उलटा करून तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असल्याची खात्री करावी. हे प्लास्टिक कॉस्टिकला आणि साबणाच्या उष्णतेलाही दाद देत नाही, आणि दाबले की थोडे वाकते, त्यामुळे साबण कडेपासून सुटतो. तळ मात्र लवकर सुटत नाही. बटर पेपरचा गोल तुकडा तळाशी घातला नाही, तर वडीचा खालचा भाग डब्यातच राहतो, जसा भाकरीचा पापुद्रा तव्याला राहतो. वड्याही केकसारख्या त्रिकोणी कापाव्या लागतात आणि त्यांचे टोक पहिल्या आंघोळीतच मोडते. तरीही ज्याने अजून एकही घाणा केलेला नाही, त्याने पैसे खर्च न करता इथूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

दुसरा साचा सहा खणांचा सिलिकॉनचा ट्रे. महाद्वार रोडच्या परिसरात केकचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून तो घेतला. प्रत्येक खणात कमळाचे फूल आहे आणि दिसायला तो इतका देखणा आहे की नवशिक्याचा हात हमखास त्याच्याकडेच जातो. माझी तक्रार नेमकी इथे आहे. घोटताना मिश्रण ‘ट्रेस’ला आले, म्हणजे वरून टाकलेली धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरू लागली, की ते ओतायचे असते, नवशिक्या माणूस हँड ब्लेंडर हमखास जास्त फिरवतो, मिश्रण शिऱ्यासारखे घट्ट होते आणि मग ते पाकळ्यांच्या खाचांत उतरत नाही. माझ्या पहिल्या सहा कमळांपैकी चार कमळांना हवेची भोके होती. शिवाय सिलिकॉनच्या साच्यातला साबण सावकाश घट्ट होतो. जुलैमध्ये, बाहेर धो धो पाऊस आणि घरात ओल असताना, मी चौथ्या दिवशी साबण काढायला गेले आणि पाकळ्यांची टोके साच्यातच राहिली. यावर उपाय आहे. कॉस्टिक घालण्यापूर्वी पाण्यात दर ५०० ग्रॅम तेलामागे एक लहान चमचा मीठ विरघळवले तर वडी लवकर कडक होते, आणि तरीही निघत नसेल तर ट्रे तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवून मग ढकलावा. पण पहिल्याच घाण्याला उपायांची गरज पडावी, हे साच्याचे गुणलक्षण म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट : सिलिकॉन वास धरून ठेवते. ज्या ट्रेत साबण ओतला, त्यात पुन्हा केक करण्याचा मोह धरू नये. आमच्या घरी तो धरला गेला आणि मुलाच्या वाढदिवसाच्या मफिनना वाळ्याचा वास आला.

या छोट्या साच्याचा एक मोठा दोष दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. साचा जेवढा लहान, तेवढे तेल कमी. तेल जेवढे कमी, तेवढी वजनातली चूक महाग. मी खोबरेल ३० टक्के, शेंगतेल ६० टक्के आणि एरंडेल १० टक्के घेते. खोबरेलाच्या एका ग्रॅमला सुमारे ०.१८३ ग्रॅम, शेंगतेलाला सुमारे ०.१३६ ग्रॅम आणि एरंडेलाला सुमारे ०.१२८ ग्रॅम कॉस्टिक लागते. त्यातले पाच टक्के कमी करून तेवढे तेल साबणात मोकळे ठेवायचे, हा नेहमीचा रिवाज. या हिशेबाने २०० ग्रॅम तेलाला सुमारे २८ ग्रॅम कॉस्टिक लागते. घरातल्या साध्या काट्यावर दोन ग्रॅमची चूक सहज होते, आणि ती इथे सात टक्क्यांची चूक ठरते, म्हणजे राखून ठेवलेले पाच टक्के तेल संपून वडीत कॉस्टिकच शिल्लक राहते आणि ती कातडीला झोंबते. ५८० ग्रॅम तेलाला हेच कॉस्टिक सुमारे ८२ ग्रॅम लागते, आणि तीच दोन ग्रॅमची चूक अडीच टक्क्यांच्या आत राहते. नवशिक्याने फार लहान साचा घेऊ नये याचे खरे कारण हे आहे. ‘कमी माल वाया जाईल’ हा विचार वरवर शहाणपणाचा असला तरी इथे तो उलटतो.

साच्याला किती तेल लागेल, हे काढणे सोपे आहे. आतली लांबी, रुंदी आणि भरायची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि त्याला ०.६९ने गुणावे, येईल तेवढे ग्रॅम तेल. डबा गोल किंवा वाकडातिकडा असेल तर त्यात हव्या त्या उंचीपर्यंत पाणी भरून पाण्याचे वजन करावे आणि त्या ग्रॅमना ०.६९ने गुणावे. मग डबा कोरडा पुसावा, हे सांगायला नको, पण मी एकदा विसरले होते.

तिसरा साचा ऑनलाइन मागवलेला लांबट सिलिकॉनचा, ज्याला सगळे ‘लोफ मोल्ड’ म्हणतात. याचे दोन प्रकार मिळतात : नुसते सिलिकॉन, आणि बाहेरून लाकडी पेटी असलेले सिलिकॉन. मी पैसे वाचवायला नुसते घेतले. चित्रात त्याच्या भिंती ताठ उभ्या होत्या. प्रत्यक्षात त्या इतक्या पातळ निघाल्या की किलोभर मिश्रणाचे वजन पडताच दोन्ही बाजू बाहेर फुगल्या. त्यातून निघालेल्या वड्या मधोमध ढेरपोट्या झाल्या आणि साबणाच्या डबीत बसेनात. दोन्ही बाजूंना जाडजूड पुस्तके लावून तात्पुरती सोय होते. मी रद्दीतल्या दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या लावल्या, त्यांचा एवढा तरी उपयोग झाला. घ्यायचाच असेल तर पेटीसह घ्यावा, आणि पेटीत सिलिकॉन घट्ट बसते की आत डुलते, हे आल्या आल्या पाहून मगच पावती टाकावी. पेटीसह असलेला हा साचा मैत्रिणीकडे मी वापरला आहे. काही न अंथरता साबण अलगद निघतो आणि कडा गुळगुळीत येतात, ही त्याची जमेची बाजू निर्विवाद आहे.

पाइपचा साचा थोडक्यात सांगते, कारण तो नवशिक्यासाठी नाही. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, एका तोंडाला जाड प्लास्टिक लावून रबराने आवळले, आतून लिक्विड पॅराफिन चोळले. पहिल्या वेळी रबर सैल पडला आणि अर्धे मिश्रण ओट्यावर आले. दुसऱ्या वेळी गोल वड्या सुरेख झाल्या, पण त्या बाहेर ढकलायला यजमानांना बोलवावे लागले.

आता ज्या साच्यावर मी स्थिरावले त्याविषयी. लाकडी पेटीचा शोध घेताना माझ्या लक्षात आले की साच्यातून वस्तू न मोडता कशी काढावी, हे जाणणारी माणसे कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. गुऱ्हाळावर गुळाची ढेप साच्याला चिकटू नये म्हणून आत कापड अंथरतात. साबणाच्या पेटीत बटर पेपर अंथरण्यामागे वेगळे काय आहे? आणि शिवाजी उद्यमनगरात तर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या वाळूत ठसा उमटवायचे नमुने, करणारे कारागीर आहेत, ज्यांचा सगळा जन्मच ‘माल निघेल का’ या एका प्रश्नात जातो. ओळखीने अशाच एका मिस्त्रीमामांकडे गेले. मी कागदावर काटकोनी पेटी काढून नेली होती. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, बाजू अशी सरळ उभी ठेवलासा तर माल निघायचा न्हाई. ड्राफ्ट द्याय पायजे.” ड्राफ्ट म्हणजे बाजूंना दिलेला किंचित उतार, ज्यामुळे पॅटर्न वाळूतून वर उचलताना वाळू ढासळत नाही. पण उतार दिला तर माझ्या वड्या वर रुंद आणि खाली अरुंद होणार होत्या. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग कोअर बॉक्ससारखी खुलती करूया.” कोअर बॉक्स म्हणजे ओतकामासाठी वाळूचा गाभा पाडण्याची, बाजू सुट्या होणारी पेटी.

त्याप्रमाणे सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांतून पेटी झाली. तळ वेगळा, दोन लांब बाजू खाचेत बसणाऱ्या, दोन आखूड बाजू मध्ये, आणि सगळे आवळायला दोन लांब बोल्ट व विंग नट. आतून लांबी २० सेंटिमीटर, रुंदी ७ सेंटिमीटर, आणि मी ती ६ सेंटिमीटरपर्यंत भरते. वरच्या हिशेबाने ८४० घनसेंटिमीटर, म्हणजे ५८० ग्रॅम तेल. कॉस्टिक आणि त्याच्या दुप्पट पाणी धरून सव्वाआठशे ग्रॅम मिश्रण, आणि अडीच सेंटिमीटर जाडीच्या आठ वड्या, प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या आसपास. नट सैल केले की बाजू हातात येतात आणि साबणाचा ठोकळा जागच्या जागी उभा राहतो. ढकलणे नाही, ओढणे नाही, फ्रीझर नाही. एक-दोन दिवसांनी, हातमोजे घालून, कारण साबण अजून ताजा असतो, मी पेटी खोलते आणि सुरीने वड्या पाडते. मग चार ते सहा आठवडे त्या वेताच्या टोपलीत वाळतात. पावसाळ्यात सहाच धरावेत.

पेटीचे दोष लपवण्यात अर्थ नाही. बटर पेपर दर वेळी नव्याने, कोपरे नीट दुमडून घालावा लागतो. घातला नाही तर लाकूड तेल पिते आणि साबण त्याला धरून बसतो. कागदाला सुरकुती पडली की तीच सुरकुती वडीवर उमटते. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगले, बाजू खाचेत घट्ट रुतल्या आणि पेटी खोलायला हातोडीची मूठ ठोकावी लागली. सर्वांत महत्त्वाचे, लाकूड ऊब धरते. साध्या साबणाला हे हितकारक आहे, कारण साबण होताना निघणारी उष्णता टिकली की ठोकळा आतून बाहेरपर्यंत एकसारखा पारदर्शक होऊन मग घट्ट होतो; ऊब अर्धवट सुटली तर मध्यभागी गडद वर्तुळ राहते, जे निरुपद्रवी असले तरी भेट देताना समजावत बसावे लागते. मी पेटीवर जुना टॉवेल गुंडाळते आणि वर्तुळ बहुधा टळते. पण हीच ऊब गुळाच्या साबणाला घातक ठरली. कोल्हापुरात राहून साबणात गूळ न घालणे मला जमले नाही. साखरेमुळे फेस चांगला येतो हे खरे, पण साखर मिश्रणाला तापवतेही. एप्रिलच्या दुपारी, टॉवेलसह, तो घाणा मधोमध उकलला आणि फट जवळजवळ बोटभर खोल गेली. दूध, मध किंवा गूळ घालायचा असेल तर मी आता तो कमळाचा ट्रे काढते, कारण छोट्या खणांतून उष्णता चटकन निघून जाते. फक्त मिश्रण पातळ असतानाच ओतते.

पेटीला मजुरीसह साडेसहाशे रुपये पडले, तेव्हा ऑनलाइन मिळणारा पेटीसकटचा सिलिकॉन लोफ मोल्ड जवळपास त्याच किमतीला दिसत होता. ज्याला कागद दुमडण्याचा कंटाळा आहे त्याने तो घ्यावा. ज्याला हव्या त्या मापाची वडी हवी आहे आणि उद्यमनगरात एक फेरी मारायला हरकत नाही, त्याने पेटी करून घ्यावी.

गेल्या महिन्यात पेटीतली एक वाळलेली वडी मिस्त्रीमामांना द्यायला गेले. त्यांनी वास घेतला नाही की रंगाकडे पाहिले नाही. अंगठा कडेवरून फिरवला, खालच्या कोपऱ्याशी थांबवला आणि तिथली केसाएवढी धार मला दाखवली. “सांधा उघडलाय,” म्हणाले, आणि पेटी आठवडाभर ठेवून जायला सांगितले.