क्रूझच्या आधीचा सहप्रवाशांचा व्हॉट्सअॅप ग्रुप : काही महिने वापरल्यावरचा अनुभव (आणि एक्स्टेंशन बोर्डाचं पुराण)

परवा ग्रुपवर "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात" अशी पट्टी आली आणि तिच्या खाली लगेच दुबई-सिंगापूरच्या पॅकेजचं रंगीत पोस्टर. म्हणजे बुकिंग केल्यापासून आम्ही ज्याला सहप्रवासी समजून दादा-दादा करत होतो तो निघाला एजंट, आणि आमच्या सगळ्यांचे नंबर त्याला फुकटात भेटले. माणसाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, तिचा यात काही संबंध नाही. पण डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मला कुठे सवय.

क्रूझ तीच, मुंबई-गोवा-मुंबई, मधे एक दिवस नुसता समुद्र. जहाज किती मजली, जेवणात काय, हे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत सांगत नाही. परदेशात म्हणे एकाच जहाजाचे प्रवासी निघायच्या आधी महिनोनमहिने एकमेकांशी बोलून ठेवतात, टॅक्सी वाटून घेतात, जहाजावर भेटायची वेळ ठरवतात. आपल्याकडे त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप होतो. आम्हाला लिंक साडूभाऊंनी पाठवली. आम्ही भुसावळचे, ते जळगावचे, दोन्ही घरची चार माणसं.

पहिले दोन महिने ग्रुप म्हणजे डोक्याला ताप. सकाळी गुलाबाची फुलं, रात्री चंद्र, आणि मधे "तुम्हाला केबिन कितीला पडली?" हा प्रश्न. हा प्रश्न कोणी विचारू नका आणि कोणी उत्तर देऊ नका. ज्याला महाग पडली तो एजंटशी भांडतो, ज्याला स्वस्त पडली तो रोज येऊन सांगतो. एकाच प्रकारची केबिन, कोणी लवकर बुक केली, कोणी शेवटी ऑफरमध्ये, कोणाच्या आकड्यात पोर्ट चार्जेस आणि जीएसटी धरलेलं, कोणाच्या नाही. तुलना होणारच कशी? आमच्या मिसेसनी आठ दिवस मला ऐकवलं की नंदुरबारच्या ताईंना आपल्यापेक्षा कमी लागले. शेवटी निघालं की त्यांनी टॅक्स धरलाच नव्हता.

आता मेन मुद्दा. एक्स्टेंशन बोर्ड.

कोणीतरी विचारलं, केबिनमध्ये प्लग पॉइंट किती असतात. उत्तर आलं, कमी असतात, जुन्या जहाजात तर फारच कमी, घरून बोर्ड घेऊन या, मी नेला होता, काही होत नाही. झालं. त्यावर पंचवीस अंगठे. मी लिहिलं की बोर्ड चालत नाही, इस्त्री चालत नाही, किटली चालत नाही, तिकिटासोबत आलेल्या नियमांत लिहिलंय. मला उत्तर काय, "अंकल, टेन्शन नका घेऊ".

अहो अंकल काय, आयुष्यभर दीपनगरच्या थर्मल वीज केंद्रात नोकरी केली मी. आपल्या घरी न्यूट्रल अर्थ केलेलं, म्हणजे जमिनीला जोडलेलं असतं, झटका फेजला बसतो. बऱ्याच जहाजांवर सप्लाय मुद्दामच अर्थ करत नाहीत, कारण एखादी वायर चुकून जहाजाच्या लोखंडाला लागली तर सगळं ट्रिप होऊन भर समुद्रात अंधार व्हायला नको. त्यामुळे सॉकेटच्या दोन्ही वायरींना व्होल्टेज असू शकतं. आता तुमच्या त्या सर्जवाल्या बोर्डात वायर आणि अर्थच्या मधे एक छोटा पार्ट असतो, जास्तीचं व्होल्टेज आलं की ते अर्थला सोडायला. जहाजात दुसरीकडे कुठेतरी एका फेजला अर्थ फॉल्ट झाला की बाकीच्या फेजचं अर्थशी व्होल्टेज पावणेदोन पटीच्या आसपास जातं, तो पार्ट तापत राहतो, आणि बोर्डाचं कटआऊट तोडतं एकच वायर. दुसरी चालूच. यावर अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये सेफ्टी अलर्ट काढला होता. आणि समुद्रात आग लागली तर फायर ब्रिगेड कुठून येणार आहे?

हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं. चष्मा लावून, एका बोटाने, अर्धा तास. खाली कोणीतरी गुलाबाचं फूल टाकलं.

त्या दिवशी मी ग्रुप म्यूट केला आणि ठरवलं की याला पाचपैकी एक. तो एक पण मिसेसमुळे, तिच्या ओळखी व्हायला लागल्या होत्या म्हणून.

पण मग मत बदलावं लागलं. अमळनेरच्या अप्पांनी त्यातून आपला खान्देशवाल्यांचा छोटा ग्रुप काढला. जळगाव, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव मिळून सात-आठ घरं. इथे खरं काम झालं. आमची अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांना कळतच नव्हती. आपण भुसावळहून रात्रीच्या गाडीला बसतो, सकाळी सकाळी सीएसएमटीला उतरतो, आणि जहाजावर चढायची वेळ दुपारची. मधले सहा-सात तास म्हाताऱ्या माणसांनी बॅगा घेऊन बसायचं कुठे? मोठ्या ग्रुपवर विचारलं तर "हॉटेल घ्या" म्हणे. आंघोळीसाठी हॉटेलचे पैसे! छोट्या ग्रुपवर चाळीसगावच्या मावशींनी सांगितलं की सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवा, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची घेत नाहीत. आणि जहाजावर चढायचं ते बॅलार्ड पियर तिथून दीड-दोन किलोमीटरवर, त्यामुळे टॅक्सीवाला लांबचं भाडं सांगेल ते ऐकू नका, मीटर टाकायला लावा. हे एक वाक्य मला सगळ्या चकचकीत व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

दुसरी टीप पण मावशींचीच. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, मॅग्नेटवाले हुक चिकटतात. मला वाटलं बाई काहीतरी ऐकीव सांगतेय. तरी फुले मार्केटमधून हुकांचं पाकीट घेतलं, महाग नव्हतं. केबिनमध्ये शिरल्यावर पहिलं काम तेच, हुक भिंतीजवळ नेला आणि टक् करून बसला, ओला टॉवेल टांगला तरी ढिम्म हलला नाही. एकावर टोपी, एकावर ओळखपत्रांची पिशवी, एकावर मिसेसची पर्स. त्या एवढ्याशा केबिनमध्ये टेबल मोकळं राहिलं म्हणजे काय सुख असतं ते राहिल्याशिवाय कळणार नाही. मिसेसनी फ्रिजवरचा मनुदेवीचा मॅग्नेट पण आणला होता, तो बाहेर दाराला लावला, कारण त्या लांबलचक पॅसेजमध्ये सगळी दारं सारखी. शेजारच्या केबिनवाल्यांची पोरं येता-जाता नमस्कार करायला लागली.

बाकीच्या टीपा भरभर सांगतो. मोठी बॅग चढताना घेतात आणि केबिनला पोचायला कधी कधी संध्याकाळ होते, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चार्जर, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. देशातल्या देशातली क्रूझ असेल तर पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं, ओरिजिनल ठेवा, मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर जाऊ नका. पोटात ढवळत असेल तर केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरला विचारून, आणि उलटी सुरू व्हायच्या आधी. नंतर घेऊन काय, तीच बाहेर येते.

मोठ्या ग्रुपवरची एक टीप मात्र सरळ घातक होती, सेफ्टी ड्रिलची, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाची. "सेफ्टी ड्रिलला नाही गेलं तरी चालतं, तेवढ्यात बुफेला गर्दी नसते." इटलीचं कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज बुडालं, जानेवारी २०१२, ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी मधल्या बंदरात चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, निघायच्या आधी किंवा निघाल्या-निघाल्या ड्रिल घ्यावंच लागतं. बुफे कुठे पळून जातोय का.

आता बोर्डाचं काय झालं ते. बॅगा एक्स-रेमधून जात होत्या आणि बाजूला एक क्रेट ठेवलेला. त्यात पांढरे बोर्ड, काळे बोर्ड, वायर गुंडाळून रबरबँड लावलेले, एक इस्त्री, दोन किटल्या. कर्मचारी शांतपणे काढत होता, चिठ्ठी लावत होता, उतरताना परत घ्या म्हणत होता. ते "टेन्शन नका घेऊ" वाले साहेब माझ्या पुढेच उभे होते, त्यांचा तर पाच मीटर वायरवाला. मी काही बोललो नाही. आमचे साडूभाऊच मागून जोरात म्हणले, "सांगेल होतं ना भो यांनी!" आणि पुढच्याच मिनिटाला त्यांच्या स्वतःच्या बॅगेतून बोर्ड निघाला. मला न सांगता आणेल होता.

अजून एक गोष्ट जी ग्रुपमध्ये कोणीच धड सांगितली नाही. मुंबईचा किनारा मागे पडला की नेटवर्क जातं, जहाजाच्या वायफायला वेगळे पैसे, आणि फोन एअरप्लेन मोडवर नाही टाकला तर तो जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल येतं. म्हणजे ज्या ग्रुपवर महिनोनमहिने घासाघीस केली तो जहाजावर चढल्यावर मेलाच. अप्पांनी आधीच कागदावर लिहून दिलं होतं, रोज संध्याकाळी पाचला स्विमिंग पूलच्या मागच्या बाजूला. मोठ्या ग्रुपवाले एकमेकांना शोधत फिरत होते, आम्ही मात्र चहा घेऊन शेवभाजी घट्ट असावी की पातळ यावर भांडत होतो.

गोव्यात तर पैसे वसूल. जहाज लागतं मुरगावला, पणजी तिथून तीस किलोमीटरच्या आसपास, ओला-उबर चालत नाही आणि टॅक्सीवाले सांगतील तो भाव. आम्ही आधीच टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला होता, जुन्या गोव्याची चर्चेस, मंगेशी, आणि परत. झुआरीचा नवीन पूल झाल्यापासून वेळ वाचतो, तरी ड्रायव्हरला परतीची वेळ जहाजाच्या वेळेच्या दोन तास आधीची सांगितली होती. जहाज कोणासाठी थांबत नाही. माणशी जो खर्च आला तो वेगळी टॅक्सी केलेल्यांच्या निम्म्याहून कमी.

तर ग्रुप घ्या, पण आपल्या भागातला आठ-दहा घरांचा घ्या. केबिन नंबर, तिकिटाचा फोटो आणि "आम्ही सगळे चार दिवस बाहेर" असलं काही मोठ्या ग्रुपवर टाकू नका, तिथे कोण बसलंय ते आता तुम्हाला कळलंच. रेटिंग म्हणाल तर मोठ्याला दीड, छोट्याला साडेचार. छोट्याचा अर्धा कापला कारण धुळ्याच्या एका साहेबांकडून ट्रॅव्हलरच्या वाट्याचे पैसे अजून यायचे आहेत. फोन केला की म्हणतात, "आत्ता जीपे करतो काका, नेटवर्क नाहीये." आता धुळ्यात कुठला समुद्र आला?