लॅब्रॅडॉर मादी दत्तक देताय? आधी हे वाचा

बर्फी आम्हाला वाघोलीच्या पुढे एका ढाब्यामागे सापडली. पिवळी लॅब्रॅडॉर, वय पाचेक वर्षं. आचळं लोंबलेली, कोपरांवर घट्टे, पुढचे दात जाळी चावून चावून झिजलेले, डाव्या कानाच्या कडेला त्रिकोणी खाच. अशी कुत्री पाहिली की कुणाला काही विचारावं लागत नाही. कुणीतरी पिंजऱ्यात ठेवून पिल्लं काढली, आजारी पडली तशी सोडून दिली.

तिला टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप होता. प्लेटलेट्स इतक्या खाली की डॉक्टर म्हणाले, औषधाचा कोर्स होऊ दे, रक्त सुधारलं की नसबंदी करू. दरम्यान तिच्यासाठी घर शोधायला लागलो, आणि तो फोन आला.

"ताई, आमचा ब्रूनो दिवाळीत गेला. घर खायला उठतं हो." ब्रूनोचे फोटो आले. घर बघायला गेलो तर म्हातारे आईवडील, पोहे, चहा, कोपऱ्यात नवीकोरी गादी. दत्तकाच्या फॉर्मवर सही झाली, आधारची झेरॉक्स मिळाली. नसबंदीचा विषय काढला तर उत्तर तयार होतं: "ऑपरेशनचं आम्ही बघतो, खर्चही आमचाच. तुम्ही आधीच किती करताय!"

हे वाक्य लक्षात ठेवा. इतकं गोड बोलून आजवर कुणी आमच्याकडून कुत्रं नेलं नव्हतं.

मग नियमाने फोटो येत राहिले. बर्फी सोफ्यावर, बर्फी गादीवर, बर्फी आजोबांच्या पायाशी. आमच्यातल्या एकीच्या नजरेला पडलं की श्रावण निम्मा सरला तरी मागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान जूनचंच आहे. सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवलेले! व्हिडिओ कॉल लावला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद. सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, तो फ्लॅट दिवसाच्या भाड्याने देतात. आधार भलत्याच माणसाचं निघालं. आईवडील कुणाचे होते, देव जाणे.

यातलं गणित सरळ आहे. लॅब्रॅडॉर मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास विते, सहा-आठ पिल्लं सहज होतात. मादी विकत घ्यायची तर पैसे मोजावे लागतात. आमच्यासारख्यांकडून ती औषधपाणी होऊन फुकट मिळते. पुढे पिल्लांची एक जाहिरात हाती आली, "आई घरचीच" म्हणून आईचा फोटोही होता. कानाची खाच ओळखू आली. गिऱ्हाईक बनून पत्ता मागितला तर आधी टोकन पाठवा म्हणे, आणि मग तोही नंबर बंद.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न हाच की तुम्ही स्वखुशीनेच दिलीत ना? त्या वेळी सही केलेला फॉर्म कामी आला. खोट्या नावाने कुत्री नेली म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तक्रार लेखी घेतली. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पिल्लांचा धंदा करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तेही अर्जात लिहिलं. बर्फी अजून मिळालेली नाही.

आता नसबंदी झाल्याशिवाय मादी आमच्या दारातून बाहेर जात नाही, मग घर कितीही चांगलं असो. डॉक्टर थांबा म्हणाले तर ती थांबते आणि आम्हीही थांबतो. कातडीखाली १५ अंकी ओळख क्रमांकाची मायक्रोचिप बसवतो, तीही आमच्या नावावर. आधारची झेरॉक्स नुसती घेत नाही, त्यावरचा क्यूआर कोड तिथेच स्कॅन करून बघतो. घर बघायला गेलो की शेजारच्या दाराची बेल वाजवतो; फुकटात यापेक्षा चांगली चौकशी होत नाही. आणि नंतर फोटो नको, व्हिडिओ कॉल, तोही न सांगता.

गेल्या महिन्यात गोल्डन रिट्रीव्हर मादीसाठी एकाचा फोन आला. नाव नवं, पण कुत्रा पुन्हा दिवाळीतच गेलेला आणि घर पुन्हा खायला उठलेलं. मी म्हटलं, या की बघायला, ऑपरेशन झालंय तिचं. "घरी विचारून सांगतो," म्हणाला आणि फोन ठेवला. तो नंबर मी त्याच तक्रारीला जोडून चौकीत देऊन आले आहे.