इलेक्ट्रिक शॉवरची गळती: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

गेल्या ऑक्टोबरमध्ये अंघोळ चालू असतानाच आमच्या लंडनच्या घरातील इलेक्ट्रिक शॉवरच्या, म्हणजे वाहते पाणी जागीच तापवणाऱ्या यंत्राच्या, पेटीखालून पाण्याची धार लागली आणि काळ्या मिरीच्या दाण्याहून जराशी मोठी अशी एक गोळी टबात येऊन पडली. ती गोळी पीआरडीची, म्हणजे पेटीतील दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास पाण्याला वाट करून देणाऱ्या छोट्या सुरक्षा झडपेची होती, हे मला नंतर कळले.

शॉवर साडेआठ किलोवॉटचा आहे. पुण्याच्या घरातील 2 किलोवॉटच्या गीझरची सवय असलेल्या माणसाला हा आकडा दचकवणारा वाटतो, कारण इतक्या भाराला 35 अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी छताला लटकणाऱ्या स्विचची दोरी ओढून भागवले नाही; फ्यूज बॉक्समधला शॉवरचा स्विचही पाडला, तारांमध्ये वीज नसल्याची टेस्टरने खात्री केली आणि मगच पाण्याचा स्टॉपकॉक बंद केला. तारांना हात लावण्याची वेळ आली असती, तर मी इलेक्ट्रिशियनलाच बोलावले असते.

नवी पीआरडी बसवणे सोपे होते. जुनी काढायची, रबरी ओ-रिंग नीट बसल्याची खात्री करून नवी लावायची, आणि हीटर चालू करण्यापूर्वी थंड पाणी सोडून आतली टाकी भरू द्यायची. कोरड्या टाकीत हीटर तापला तर तो जळतो. मात्र चौथ्या दिवशी नवी पीआरडीही फुटली. विक्रेत्याने निकृष्ट माल दिला असे मी ठरवूनही टाकले होते, परंतु दोष मालाचा नव्हता. लंडनचे पाणी क्षारयुक्त. शॉवरच्या तोंडाची निम्म्याहून अधिक छिद्रे पांढऱ्या थराने बुजली होती, आणि बाहेर पडता न येणारे पाणी मागे दाब वाढवत होते. थोडक्यात, पहिली झडप बिघडली नव्हती, तिने तिचे काम चोख केले होते. तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवले, सकाळी जुन्या टूथब्रशने घासले, पीळ पडलेला होज बदलला आणि तिसरी पीआरडी लावली.

तिला आता आठ महिने झाले. पेटीखाली पाण्याचा थेंब नाही. बंद केल्यावर तोंडातून काही मिनिटे पाणी ठिबकते, पण ते टाकीत उरलेले पाणी असते, ती गळती नव्हे. सुरुवातीला त्यावरून मी दोनदा उगाच झाकण उघडले. तक्रार असलीच तर थंडीतील धारेविषयी आहे. 5 अंशांचे पाणी 40 पर्यंत तापवायचे तर साडेआठ किलोवॉटमध्ये मिनिटाला जेमतेम साडेतीन लिटर मिळते. जानेवारीत केस धुताना ते फार जाणवले, आणि यावर दुरुस्तीचा इलाज नाही. तोंड मात्र दर महिन्याला व्हिनेगरमध्ये जाते, आणि दर वेळी भांड्याच्या तळाशी पांढरा चुरा उरतो.